बायकामुले धरून ९८,५७२

ट्रँटर या राजधानीच्या ग्रहावर हॅरी सेल्डनवर राजद्रोहाचा खटला चालू आहे. साम्राज्य कोसळणार, असे भाकीत त्याने गणिताने मांडले, हा त्याचा गुन्हा. सरकारी वकील विचारतो, तुमच्या प्रकल्पात माणसे किती? सेल्डन सांगतो, पन्नास गणिती. वकील ९८,५७२ हा आकडा पुढे करतो. त्यावर सेल्डन शांतपणे म्हणतो, तुम्ही बायकामुले धरून मोजताय. वकील चिडतो, आवाज चढवतो, सेल्डन आकडा मान्य करतो आणि खटला पुढे सरकतो.

आयझॅक असिमोव्हच्या 'फाउंडेशन' मालिकेतला हा प्रसंग पहिल्याच पुस्तकात, सुरुवातीलाच येतो. वाचकाला इथे हसू यावे अशी अपेक्षा आहे. वकील कसा उगाच ताणतोय आणि म्हातारा कसा बेरकी आहे, असे. मी मात्र मालिकेची चर्चा निघाली की याच ओळीपाशी थांबतो. फाउंडेशनमध्ये बायका कमी आहेत, ही तक्रार जुनी आहे आणि तिला ठरलेले उत्तरही आहे: काळच तसा होता, तत्त्वज्ञान बघा. म्हणजे एका ताटात तत्त्वज्ञान आणि दुसऱ्या ताटात स्त्रीचित्रण, अशी वाटणी करून दोन्हींची वेगवेगळी चव घ्यायची. ही वाटणी मला मान्य नाही. या मालिकेतला स्त्रियांचा प्रश्न हा तिच्या तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे, आणि तो सेल्डनच्या या एका वाक्यात उघडा पडतो.

आधी साधा हिशेब. सेल्डनची माणसे ज्ञानकोश लिहिण्यासाठी म्हणून आकाशगंगेच्या टोकाला, टर्मिनस नावाच्या ग्रहावर हद्दपार होतात; ही वसाहत म्हणजेच फाउंडेशन. संख्या एक लाखाच्या आत. पन्नास वर्षांनी तिथला महापौर साल्व्हर हार्डिन भांडताना सांगतो की ग्रहावर आता जवळपास दहा लाख लोक आहेत आणि त्यातले दीड लाखसुद्धा ज्ञानकोशाच्या कामात नाहीत. राजकारणाचा सगळा मुद्दा या आकड्यावर उभा आहे: कोशवाल्यांपेक्षा बाकीचे जास्त, म्हणून सत्ता बाकीच्यांची. पण पन्नास वर्षांत दसपट म्हणजे दर पंधरा वर्षांनी दुप्पट. आपल्याकडे १९५१ साली ३६ कोटी लोक होते, २००१ साली १०३ कोटींच्या आसपास. तिपटीलाही थोडे कमीच, आणि त्याला आपण लोकसंख्येचा स्फोट म्हणत आलो. धातूंचा खडखडाट असलेल्या त्या ओसाड ग्रहावर बाहेरून हौसेने किती लोक आले असतील? हार्डिनचा उठाव ज्या बहुमताच्या जोरावर झाला, ते बहुमत मुख्यतः कुणीतरी प्रसवले, पाजले, वाढवले. पुस्तकात त्याबद्दल अवाक्षर नाही. समूहाच्या गणितावर उभ्या असलेल्या कादंबरीत जन्मदर नाही, ही मला तांत्रिक चूक वाटत नाही. लेखकाच्या मते इतिहास कुठे घडतो, हे त्यातून कळते.

आता ते गणित. सायकोहिस्टरी ही कल्पना वायूच्या रेणूंवरून घेतलेली आहे. एक रेणू कुठे जाईल सांगता येत नाही, पण डबाभर वायूचा दाब आणि तापमान अचूक सांगता येते. तसेच माणसांचे. एकटा माणूस बेभरवशाचा, पण अब्जावधींचा जमाव गणिताला बांधलेला. अटी दोन: जमाव पुरेसा मोठा हवा आणि त्याला आपल्याबद्दलचे भाकीत ठाऊक नसावे. एवढ्या भांडवलावर सेल्डन तीस हजार वर्षांचे अंधारयुग एक हजार वर्षांवर आणायला निघतो. ही कल्पना सुचली १ ऑगस्ट १९४१ रोजी, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, संपादक जॉन कॅम्पबेलकडे निघालेल्या एकवीस वर्षांच्या असिमोव्हला. गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास त्याने दोनदा वाचून झाला होता. 'अस्टाउंडिंग' मासिकात १९४२च्या मेपासून १९५०च्या जानेवारीपर्यंत या कथा आल्या, १९५१ ते ५३ मध्ये त्यांची तीन पुस्तके झाली आणि १९६६ साली सर्वकाळच्या सर्वोत्तम मालिकेचे ह्यूगो पारितोषिक टॉल्किनला मागे टाकून तिला मिळाले.

तत्त्वज्ञान म्हणून ही कल्पना पोरकट मुळीच नाही. १९४४-४५ मध्ये, म्हणजे याच कथा छापून येत असताना, तत्त्वज्ञ कार्ल पॉपर लंडनच्या एका नियतकालिकात इतिहासाच्या नियमांवर तुटून पडत होता. त्याचा एक आक्षेप असा की भाकीत केले की त्या भाकिताचाच घटनेवर परिणाम होतो. सेल्डनची दुसरी अट हे त्या आक्षेपाला कादंबरीकाराने परस्पर दिलेले उत्तर म्हणता येईल: मग लोकांना सांगूच नका. हे उत्तर किती महागात पडते, ते पुढे येईलच.

'काळच तसा होता' हे मात्र मला पटत नाही. ज्या मासिकात फाउंडेशन छापले जात होते त्याच मासिकाच्या डिसेंबर १९४४च्या अंकात सी. एल. मूर या लेखिकेची एक दीर्घकथा आहे. आगीत होरपळलेली एक नर्तिका, तिचा मेंदू धातूच्या देहात बसवलेला, आणि ती माणूस उरली की नाही यावर दोन पुरुषांची चाललेली काथ्याकूट. शरीर, ओळख, स्वातंत्र्य, सगळे त्यात आहे. तोच काळ, तोच संपादक, तेच वाचक. खुद्द असिमोव्हनेही फाउंडेशनच्या एक वर्ष आधी, मे १९४१ मध्ये, यंत्रमानवांची मानसशास्त्रज्ञ सुझन कॅल्विन उभी केली होती. खोलीतल्या सगळ्या पुरुषांपेक्षा हुशार बाई कल्पनेत आणणे त्याला जमत होते. (पहिल्याच कथेत तिला प्रेमभंग आणि लिपस्टिक दिलेच, ते सोडा.) त्याआधी विशीच्या उंबरठ्यावर असताना याच मासिकाच्या वाचक-पत्रांत विज्ञानकथेत बायका आणि प्रेमप्रकरणे नकोत म्हणून तावातावाने भांडणारा पोरगाही तोच. म्हणजे या विषयावर त्याचे मत होते, आणि ते त्याने छापून आणले होते.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. युद्धाच्या काळात असिमोव्ह फिलाडेल्फियाच्या नौदल आवारात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरीला होता. त्याच शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूल या अभियांत्रिकी विभागात, तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके डझनावारी तरुणी हाताने आणि यंत्रांवर सोडवत होत्या. त्यांच्यातल्याच सहा जणींनी पुढे एनिॲक या पहिल्या सर्वोपयोगी इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राचे प्रोग्रॅमिंग केले. काम लष्करी गुपित होते, त्याला ठाऊक नसणार. तरी सायकोहिस्टरीच्या कथा लिहिताना त्याला एकही गणिती बाई दिसली नाही आणि काही मैलांवर आकडेमोडीची खोली बायकांनी भरलेली होती, हे खरे.

आता मालिकेतला माझा सर्वांत आवडता प्रसंग. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी होबर मॅलो हा व्यापारी कोरेल नावाच्या शत्रुराष्ट्राशी लढतोय. लढतोय म्हणजे काहीच करत नाही. त्याने आधी त्या ग्रहावर अणुशक्तीवर चालणाऱ्या घरगुती वस्तू विकून ठेवल्या आहेत. तिथल्या हुकूमशहाच्या बायकोला, लिसियाला, त्याने झगमगणारा दागिना नजर केलेला आहे. मालिकेच्या पहिल्या पुस्तकात नावानिशी बोलणारी बाई म्हणावी तर हीच: नवऱ्याला टोचून बोलणारी, बापाच्या मोठेपणाचा तोरा मिरवणारी आणि दागिना दिसताच विरघळणारी. साचा इतका जुना आहे की त्यावर वेळ घालवायला नको. महत्त्वाचे ते मॅलोचे पुढचे बोलणे. युद्ध सुरू झाले, माल बंद झाला. आता घरातल्या बाईची सुरी हळूहळू कापेनाशी होईल. शेगडी दगा देईल. कपडे धुण्याचे यंत्र नीट धुणार नाही. ऐन उन्हाळ्यात घर गार ठेवणारे यंत्र बंद पडेल. बॉम्ब पडत असताना लोक देशासाठी उपाशी राहतात, पण शत्रू कुठे दिसतच नाही आणि रोज घरात काहीतरी बिघडतंय, हे किती दिवस सोसतील? तीन वर्षांत कोरेल गुडघे टेकते. एक गोळी न झाडता.

म्हणजे सेल्डनच्या योजनेतला एक अख्खा पेचप्रसंग सुटला तो स्वयंपाकघरात. ज्या जमावाच्या मानसिकतेवर सायकोहिस्टरी चालते तो जमाव इथे पहिल्यांदा डोळ्यांना दिसतो, आणि तो बायकांचा आहे. हा इतिहास बावनकशी आहे. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारातल्या बायका पावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या आणि राजाला राजधानीत घेऊन आल्या. ८ मार्च १९१७ला पेट्रोग्राडच्या गिरणीकामगार बायका रस्त्यावर उतरल्या आणि आठवडा-दीड आठवड्यात झारशाही संपली. त्यानंतर तीन वर्षांनी त्याच रशियातल्या पेत्रोविची गावात असिमोव्ह जन्मला. मराठी वाचकाला तर इतके लांबही जायला नको. १९७२ नंतरच्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे मुंबईतल्या हजारो गृहिणी लाटणी घेऊन निघाल्या होत्या. तेल, साखर, रॉकेल हे राजकीय शब्द आहेत, हे तेव्हाच्या मंत्र्यांना लाटण्यांच्या आवाजानेच कळले.

मात्र मॅलोचे बोलणे पुन्हा वाचून पाहा. बाईची सुरी बोथट होते, तिची शेगडी विझते, आणि मग? मग कारखानदार कुरकुरतात, त्यांचा नफा बुडतो, आणि तेच सत्तेवर दाब आणतात. सुरी जिच्या हातात आहे ती कथेतून निसटते. तिला नाव नाही, ती काही ठरवत नाही, ती फक्त वैतागते. दाब तिचा आणि वाफेचे इंजिन दुसऱ्याचे. सायकोहिस्टरीच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, रेणूला नाव नसते. पण मग हार्डिन आणि मॅलो यांना नावे का आहेत? सिद्धांत म्हणतो माणूस एकटा मोजायचा नाही. कथा मात्र दर पन्नास-शंभर वर्षांनी एका पुरुषाला सिगार देऊन खुर्चीत बसवते आणि त्याच्या हुशारीवर भाळते. सिद्धांत आणि कथा यांच्यातली ही फट साऱ्या टीकाकारांना दिसली आहे. मला त्यात भर घालायची आहे ती एवढीच की ही फट पुरुषांपुरती आहे. त्यांना सिद्धांतातून सूट मिळते. बायकांना सिद्धांत पुरेपूर लागू होतो.

दुसऱ्या पुस्तकात बेटा येते आणि चित्र पालटते. तिला साधी नायिका म्हणणे अन्यायाचे होईल. नवी नवरी म्हणून सासरी आल्या आल्या ती सासऱ्यासमोर आणि चुलतसासऱ्यासमोर बसून फाउंडेशनचे राजकीय विच्छेदन करते: जे दोष साम्राज्याला भोवले, जडत्व, जुलूम, संपत्तीची विषम वाटणी, तेच आता आपल्यात शिरले आहेत. पुढे कारखान्यातल्या बायकांमध्ये वावरताना त्यांच्यावर उतरलेली विचित्र निराशा तिला जाणवते. शत्रू मनांवर हल्ला करतो याची ही खूण, आणि ती सेनापतींच्या नकाशावर दिसण्यासारखी नव्हती. म्यूल हा उत्परिवर्तित माणूस, दुसऱ्यांच्या भावना हवे तशा वळवणारा, सेल्डनची योजना उधळून लावतो. विदूषकाच्या वेषात तो बेटा आणि तिच्या नवऱ्याबरोबर हिंडत असतो. तोच म्यूल आहे हे ओळखते एकटी बेटा, आणि सेल्डनने आकाशगंगेच्या 'दुसऱ्या टोकाला' गुप्तपणे वसवलेल्या दुसऱ्या फाउंडेशनचा ठावठिकाणा बोलून दाखवायच्या बेतात असलेल्या वृद्ध शास्त्रज्ञाला शेवटच्या क्षणी गोळी घालते. आठ वर्षांच्या त्या कथामालिकेत एवढा कठोर निर्णय दुसऱ्या कुणी घेतलेला मला आठवत नाही.

तिला हे कसे जमले, याचे जे कारण दिले आहे तिथे मात्र माझी मालिकेशी खडाजंगी होते. म्यूलने सर्वांची मने वळवली, तिचे तेवढे सोडले; कारण ती त्याच्याशी आपणहून मायेने वागली होती, आणि आयुष्यात मिळालेली ती एकमेव खरी आपुलकी त्याला बिघडवायची नव्हती. म्हणजे तिची बुद्धी शाबूत राहिली ती तिच्या प्रेमळपणाच्या पुण्याईवर. इतिहासाचा प्राध्यापक शोभेल अशी ही बाई, आणि आकाशगंगा वाचते ती तिने विदूषकाला दोन गोड शब्द बोलले म्हणून! म्यूल म्हणजे खेचर; तो वांझ आहे, त्याचा वंश त्याच्यापाशीच संपणार, हे याच प्रसंगात सूचित होते. मूल होणे न होणे साम्राज्याचे भवितव्य ठरवते, हे या मालिकेत पुढे येते ते इथे, आणि तेही पुरुषाच्या संदर्भात.

१९८२ साली असिमोव्ह मालिकेकडे परतला तेव्हा त्याच्या कानांवर टीका गेलेली होती. महापौरपदी बाई आली, दुसऱ्या फाउंडेशनच्या सभेत बाई आली. पण सेल्डनची सहचरी डॉर्स यंत्रमानव निघते, ब्लिस हा एका सजीव ग्रहाचा अंश आहे. २०२१ साली आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने गाल डॉर्निक हा सेल्डनच्या चमूतला तरुण गणिती आणि साल्व्हर हार्डिन यांना सरळ स्त्रिया केले. त्यावर इंटरनेटवर जो थयथयाट झाला त्यात मला रस नाही. पात्रांचे लिंग बदलल्याने मूळ पुस्तकाचे काही बिघडत नाही. माझी तक्रार उलटी आहे. तिथली गाल भविष्य आधी अनुभवू शकते, साल्व्हरलाही इतरांना नसलेली अंतःप्रेरणा आहे. बाई कथेत आली की ती अपवाद म्हणूनच यायला हवी, हा जुना नियम नव्या लेखकांनी मोडला नाही, चकचकीत केला. कोरेलची ती सुरी बोथट झालेली बाई अजून पडद्याबाहेरच आहे.

यावर कुणी म्हणेल, समीकरणाला लिंग नसते. समीकरणाला नसते, पण समीकरणात काय धरायचे हे माणूस ठरवतो. पॉल क्रूगमन हा नोबेल मिळवलेला अर्थतज्ज्ञ अनेकदा सांगत आला आहे की पोरवयात फाउंडेशन वाचून त्याला सायकोहिस्टरी शिकायची होती आणि अर्थशास्त्र हे त्यातल्या त्यात जवळचे वाटले. त्याच अर्थशास्त्राच्या राष्ट्रीय उत्पन्नात घरातला स्वयंपाक धरत नाहीत. तोच स्वयंपाक पगारी बाईने केला तर धरतात. भारत सरकारच्या २०१९च्या कालवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात असे निघाले, पुरुष ९७ मिनिटे, आणि मुळात असे काम करणारे पुरुषच चारात एक. सेल्डनचे वाक्य आज कुठल्याही अर्थसंकल्पाच्या टिपणीत खपून जाईल.

आता ती दुसरी अट, लोकांना सांगू नका. तिचा शेवट तिसऱ्या पुस्तकात होतो, आणि माझ्या मते मालिकेतले तत्त्वज्ञान आणि स्त्रीचित्रण तिथे एकजीव होतात. दुसरे फाउंडेशन म्हणजे योजनेचे गुप्त राखणदार. बाकीच्या मानवजातीला काय होणार हे त्यांना ठाऊक. बाकीच्यांनी फक्त व्हायचे. घरातला कर्ता पुरुष सगळे ठरवतो, इतरांनी विचारायचे नाही, कारण तुमच्याच भल्यासाठी चालले आहे: सेल्डन योजनेची नीती ही अशा घराची नीती आहे, आणि अशा घरात कोण वाढले हे कुठल्याही मराठी बाईला विचारावे. बेटाची नात आर्केडी, चौदा वर्षांची, आगाऊ, निबंधात मोठाले शब्द पेरणारी, असिमोव्हने लिहिलेली सर्वांत जिवंत मुलगी, घरातून पळून युद्धाच्या तोंडावर जाते, हुकूमशहाच्या तावडीतून निसटते आणि वर्तुळाला टोक नसते या युक्तिवादाने दुसरे फाउंडेशन कुठे आहे ते शोधून काढते. तिचा बाप शास्त्रज्ञ. पोरीचे मन कुणी वळवले तर नाही ना, या भीतीने तो तिच्या मेंदूची तपासणी करतो. काही सापडत नाही. त्याचा जीव भांड्यात पडतो.

मग शेवटच्या पानांत राखणदारांचा प्रमुख आपल्या शिष्याला सांगतो की ती जन्मली तेव्हाच आम्ही तिच्या मनात फेरफार केला होता. इतक्या लवकर केला की मूळ मन उरलेच नाही, म्हणून तपासणीत फरक दिसणार नाही. तिने काढलेले उत्तरही आम्हालाच हवे असलेले, चुकीचे. तिचे काही वाईट झाले नाही, झाला तर फायदाच, अशी पुस्तीही तो जोडतो. मालिका हे कोड्याची झकास उकल म्हणून मांडते आणि सत्तर वर्षे बहुतेक वाचक तशीच दाद देत आले आहेत. बेटाचे मन तिच्या मायाळूपणामुळे वाचले होते. नातीचे वाचवायला काहीच नव्हते, आणि तिच्या बापापासून वाचकापर्यंत सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडायचा. एका नवजात मुलीवर तिला न विचारता केलेली ही शस्त्रक्रिया आहे, ती करणारे सभ्य आहेत, त्यांच्याकडे उत्तम गणित आहे, आणि हजार वर्षांच्या शांततेचे आश्वासन आहे. असिमोव्हला यात भीषण काही दिसले नाही. विद्यापीठात ही पुस्तके नेमायची असतील तर जरूर नेमा, एक अक्षरही न बदलता. पण परीक्षेत प्रश्न या पानांवर विचारा.